फुवाहमुलाला टायगर शार्क बघायला जावं का? प्रत्येकी २६ डाईव्ह झालेल्या जोडप्याचा प्रश्न

खारी_बिस्कीट | १४ डिसेंबर, २१:४०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं रोमात (नुसतं वाचत) आहे, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी आणि नवरा, दोघंही चाळिशी ओलांडलेले, पुण्याचे. अंदमानला स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर केला, दोन वर्षांनी तिथेच पुढचा, अ‍ॅडव्हान्स्ड. आजवर प्रत्येकी २६ डाईव्ह. फेब्रुवारीत मालदीवला जायचं ठरलंय आणि नवऱ्याच्या डोक्यात फुवाहमुला शिरलंय. मालदीवच्या पार दक्षिणेला, विषुववृत्ताच्या जरासं खाली, एकुलतं एक बेट. तिथे बंदराच्या तोंडाशी टायगर शार्क येतात आणि लोक पिंजरा वगैरे काही न घेता त्यांच्यासमोर जाऊन बसतात. नवरा रोज रात्री व्हिडिओ बघतो. मी रोज रात्री त्याच्याकडे बघते.

आजवर आम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा शार्क म्हणजे हॅवलॉकला खडकाखाली झोपलेला एक. तोही शेपटीकडूनच दिसला.

तर, २६ डाईव्ह यासाठी पुरेसे आहेत का? आणि तिथे शार्कना आमिष दाखवून बोलावतात असं कळलं, ते कितपत सुरक्षित आणि कितपत बरोबर? सासूबाईंना अजून फक्त "मालदीवला चाललोय" एवढंच सांगितलंय.

बंड्या_बारामतीकर | १४ डिसेंबर, २१:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. इन्शुरन्समध्ये नॉमिनी कोण आहे ते आधी बघून घ्या.

मालवणी_खाजा | १४ डिसेंबर, २२:०५

आमच्या हंय मोरी, म्हणजे शार्कच, ताटात गावता, आणि तुमी ती बघूक इमानान जातात? मोरीचा मटण, वांगडा भाकरी. एकदम सेफ डायव्हिंग.

निळा_खंदक | १४ डिसेंबर, २३:१७

खाजा, तोंडाला पाणी आणू नका, इथे मस्कतला मोरी मिळाली तरी आईच्या हातचं वाटण कुठून आणू?

ताई, मी गेल्या वर्षी फुवाहमुलाला सहा दिवस होतो. माझे तेव्हा तीनशेच्या वर डाईव्ह झाले होते, तरी पहिल्या दिवशी बोटीत बसताना पोटात गोळा आला होता. काय होतं ते सविस्तर सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

बंदरापासून बोटीने पाच मिनिटं. खोली जेमतेम आठ-दहा मीटर, म्हणजे तुम्ही अंदमानला गेलात त्यापेक्षा उथळच. खाली उतरून प्रवाळाच्या एका कठड्याच्या मागे सगळ्यांनी रांगेत बसायचं. पाठीशी एक गाईड, दोन्ही टोकांना एकेक, त्यांच्या हातात प्लास्टिकच्या नळ्या. समोर दगडांखाली टुनाची मुंडकी दाबून ठेवतात. शार्क येतो, दगड हुंगतो, एखादं मुंडकं मिळालं तर घेतो, लांब चक्कर मारून परत येतो. बहुतेक माद्या असतात आणि तीन-चार मीटरच्या सहज.

पहिली आली ती डावीकडून, आणि मी उजवीकडे बघत होतो. गाईडने खांद्यावर टिचकी मारली. वळलो तर चौकोनी मुस्काट माझ्यापासून दोन हातांवर. अंगावरचे पट्टे व्हिडिओत दिसतात तेवढे ठळक नसतात, धुऊन फिक्या पडलेल्या साडीच्या किनारीसारखे. जबड्याच्या कोपऱ्यात गंजलेला गळ अडकलेला. पोटाखाली तीन-चार चिकटमासे. आणि डोळा. सगळी गेली तरी तो डोळा माझ्याकडेच वळलेला. घाई अजिबात नाही. लग्नात मोठ्या आत्या सगळ्यांवर नजर टाकत मांडवातून जातात ना, अगदी तशी गेली.

महत्त्वाचं हेच आहे. टायगर शार्क दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. तुम्ही त्याच्याकडे बघताय हे त्याला कळलं की तो लांबून जातो. पाठ दाखवलीत, कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं खुपसलंत की तो जवळ येऊन चाचपतो. म्हणून मान सतत फिरती ठेवायची, हात छातीशी, अंग आणि तळवे झाकलेले. आम्हाला पूर्ण काळा सूट आणि काळे हातमोजे घालायला लावले. उघडा गोरा तळवा पाण्यात हलला की माशाच्या तुकड्यासारखा दिसतो.

वर येताना गोंधळ सगळ्यात जास्त होतो. त्यावर उद्या लिहितो, बायको हाका मारतेय.

आगाऊ_कार्टी | १४ डिसेंबर, २३:३१

"मोठ्या आत्या" 😂 माझी आत्या हा धागा वाचते.

बंड्या_बारामतीकर | १४ डिसेंबर, २३:३८

शार्क उगाच बदनाम आहेत हो. दरवर्षी नारळ डोक्यात पडून १५० माणसं मरतात, शार्कमुळे पाच-सहा. कोकणात जाताना घाबरता का?

मालवणी_खाजा | १४ डिसेंबर, २३:४४

माझ्या माडाखाली इलास तर घाबरूकच व्हया.

करडा_ससाणा | १५ डिसेंबर, ०८:१०

बंड्या, १५० नारळबळींचा आकडा इंटरनेटवर फिरत असतो, पण त्याला काही आधार नाही. आणि खरा असता तरी ही तुलना चुकीची. नारळाखालून रोज कोट्यवधी लोक जातात, टायगर शार्कसमोर गुडघे टेकून बसणारे किती?

आकडेच हवेत तर फ्लोरिडाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात शार्क हल्ल्यांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवतात. २०२४ साली जगभरात विनाकारण झालेले ४७ चावे नोंदले गेले, त्यात ४ मृत्यू. हे आकडे सगळे उड्या मारत सांगतात. पण त्याच नोंदीत 'माणसाने ओढवून घेतलेले' असा वेगळा कप्पा आहे, २०२४ मध्ये तिथे २४ चावे. भाल्याने मासे मारणारे, शार्कला हात लावणारे, खायला घालू पाहणारे यात येतात. म्हणजे मुंडकी ठेवून बोलावलेल्या शार्कसमोर बसायचं आणि धीर मात्र ४७ च्या कप्प्यातून घ्यायचा, हे जमत नाही.

जाऊ नका असं म्हणत नाहीये. फक्त "शार्क काही करत नाही" हे वाक्य घेऊन जाऊ नका.

खारी_बिस्कीट | १५ डिसेंबर, ०९:०२

ससाणा, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी कुठे खायला घालणार आहे, गाईड घालणार." यावर काय बोलणार.

समुद्रपक्षी_पर्थ | १५ डिसेंबर, ११:२५

आमच्याकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालूला व्हेल शार्कसोबत पोहता येतं. टाकी नाही, नुसतं स्नॉर्कल. एका वेळी पाण्यात दहाच माणसं, अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं, फ्लॅश बंद. तो प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खातो, त्याला आपल्यात काडीचा रस नाही, तरी एवढे नियम. शेपटीचा फटका बसला तर बरगड्या जातील म्हणून.

एक प्रश्न इथे कुणी बाई विचारणार नाही, म्हणून मीच उत्तर देऊन टाकते. पाळी चालू असताना शार्क असलेल्या पाण्यात उतरलं तर हल्ल्याचा धोका वाढतो, असा कुठलाही पुरावा नाही. मी स्वतः उतरलेय. डोकं दुखत असेल, पोटात कळा असतील तर जाऊ नका, पण ते गाडी चालवण्यालाही लागू आहे.

खारी_बिस्कीट | १५ डिसेंबर, ११:४०

समुद्रपक्षी, एक मिठी घे. हाच प्रश्न तीन वेळा टाइप करून खोडला होता.

आगाऊ_कार्टी | १५ डिसेंबर, ११:४८

आणि वेटसूटमध्ये सूसू केली तर? मित्रासाठी विचारतेय.

निळा_खंदक | १५ डिसेंबर, १३:०५

जगात दोन प्रकारचे डायव्हर असतात: सूटमध्ये करणारे आणि खोटं बोलणारे. शार्कला फरक पडत नाही, सूट भाड्याने देणाऱ्याला पडतो.

सह्यकडा | १५ डिसेंबर, १४:३३

मला मूळ गोष्टच पटत नाही. लोणावळ्याच्या घाटात आपण माकडांना वडापाव खायला घातले, आता ती गाडीच्या काचेतून हात घालून पिशवी ओढतात. मग बोंब मारतो, माकडं माजलीत. चार मीटरच्या माशाला तुम्ही शिकवताय की काळा सूट घातलेला माणूस आला की टुना मिळतो. उद्या काळा सूट घालून कुणी टुनाशिवाय उतरला तर? फ्लोरिडाने २००१ मध्येच डायव्हर्सनी शार्कना खायला घालण्यावर बंदी आणली, ते काय वेडे होते?

निळा_खंदक | १५ डिसेंबर, १६:२०

सह्यकडा, तुमच्या मुद्द्यात दम आहे, मी तो उडवून लावत नाही. पण फुवाहमुलाची गोष्ट थोडी उलटी घडलीय. शार्क आधी आले, डायव्हर नंतर. टुना पकडणाऱ्या बोटी बंदरात लागतात, मासळी तिथेच साफ करतात आणि आतडी-मुंडकी पाण्यात जातात. वर्षानुवर्षं हेच चाललंय. त्या वासाला टायगर शार्क येत होतेच. संशोधकांनी पट्टे आणि पर बघून ओळख पटवत सात वर्षांत २३९ वेगवेगळे टायगर शार्क मोजले, एका छोट्या बेटाभोवती!

शिवाय मालदीवने २०१० साली शार्कच्या मासेमारीवर देशभर बंदी घातली. मेलेला शार्क एकदाच विकला जातो, जिवंत शार्क दाखवून बेटावरची गेस्ट हाऊसं वर्षभर चालतात, हे त्यांना कळलं. पर्यटकाचा पैसा आटला तर बंदी उठवा म्हणणारेही आहेत.

सह्यकडा | १५ डिसेंबर, १६:५१

बंदरात कचरा आपसूक पडणं वेगळं आणि माणसासमोर दहा फुटांवर मुंडकं ठेवणं वेगळं. पहिल्यात मासा बंदर ओळखतो, दुसऱ्यात तुम्हाला.

निळा_खंदक | १५ डिसेंबर, १७:१०

हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरी मी परत जाणार आहे. खोटं कशाला बोलू.

डॉ_घरघर | १५ डिसेंबर, १९:४५

शार्कवर एवढी चर्चा झाली, आता कंटाळवाणं बोलतो. डायव्हिंगमध्ये माणसं दगावतात ती बहुतेक हृदयाने, हवा संपल्याने आणि घाबरून वेगाने वर आल्याने. चाळिशीनंतर बीपी, साखर, एकदा स्ट्रेस टेस्ट करून घ्या. सर्दी असेल तर नाकात थेंब घालून उतरू नका, औषधाचा असर खाली संपला की वर येताना कान-सायनस दगा देतात.

मालदीवमध्ये ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे, ती पाळा. रोज दोन-तीन डाईव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा. फुवाहमुलाहून मालेला यायलाही विमानच लागतं, हे लोक विसरतात आणि परतीच्या सकाळी "एक शेवटची" मारून येतात. सर्वात जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (वेगाने वर आल्याने त्रास झाला तर उपचार करतात ती दाबाची खोली) कुठे आहे आणि तिथवर कसं नेणार, हे सेंटरला आधी विचारा. इन्शुरन्स डायव्हिंगचा वेगळा घ्या, नेहमीच्या प्रवास विम्यात हे बरेचदा धरत नाहीत.

बंड्या_बारामतीकर | १५ डिसेंबर, १९:५०

बघा, नॉमिनीचं मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

पाणकोंबडा | १५ डिसेंबर, २२:१२

माझा एक भोंगळ अनुभव. मालदीवच्याच वावू अटॉलमध्ये (प्रवाळबेटांच्या गटात) एका जेट्टीजवळ रात्रीची नर्स शार्कची डाईव्ह केली. माझे तेव्हा १९ डाईव्ह होते. सांगितलं होतं, "फार सोपं आहे, वाळूवर बसायचं." खाली पोचलो तर चार बोटींची माणसं एकाच ठिकाणी. चाळीसेक टॉर्च, गणपती विसर्जनाला असते तशी गर्दी, आणि मधून मधून म्हशींसारखे शार्क अंग घासत जातायत. माझ्याच मांडीवरून एक सरपटत गेला, सँडपेपरने घासल्यासारखं वाटलं.

मग फाडकन तोंडावर काहीतरी बसलं. मास्क गेला, तोंडातला हवेचा रेग्युलेटर अर्धा सुटला. माझी खात्री, की झालं, खाल्लं मला. शार्क नव्हता. शेजारच्या काकांना तरंगण्यावर ताबा राहिला नव्हता, ते सायकल मारत वर चालले होते आणि त्यांची फिन (पायातला पंखा) माझ्या तोंडावर बसली. खाऱ्या पाण्यात डोळे उघडून मास्क चाचपडताना माझी हवा १२० बारवरून ७० वर कधी आली कळलंच नाही. वर आल्यावर गाईड हसत म्हणाला, "व्हेरी गुड डाईव्ह."

तिथे एका बाईंनी नर्स शार्कची शेपटी धरली होती फोटोसाठी. तो गरीब दिसतो, पण चावला तर शोषून धरतो आणि सोडत नाही, कातडीसकट काढावा लागतो. त्यांना काही झालं नाही. झालं असतं तर बातमी "शार्कचा हल्ला" अशीच आली असती.

करडा_ससाणा | १५ डिसेंबर, २२:३०

आणि 'ओढवून घेतलेल्या'मध्ये गेली असती.

निळा_खंदक | १६ डिसेंबर, ००:२०

पाणकोंबडा, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

वर येण्याचं राहिलं होतं. शार्कच्या दृष्टीने पृष्ठभागावर हातपाय मारणारा माणूस आणि तळाशी शांत बसलेला माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत. वरचा अडचणीत सापडल्यासारखा दिसतो. २०१७ साली कोस्टारिकाच्या कोकोस बेटावर टायगर शार्कने एका भारतीय वंशाच्या अमेरिकन बाईंचा जीव घेतला, ते डाईव्ह संपवून वर येतानाच. त्यांच्या डाईव्ह मास्टरने शार्कला हुसकावायचा प्रयत्न केला, तोही जखमी झाला. तिथे आमिष वगैरे नव्हतं.

म्हणून मुंडकी संपायच्या आधी निघायचं. एकेकट्याने सटकायचं नाही, सगळा गट एकत्र. सेफ्टी स्टॉपला (वर येताना मध्ये थांबतात तिथे) पाठीला पाठ लावून, नजर चहूकडे आणि मुख्य म्हणजे खाली. बोट डोक्यावर आली की फिन्स काढण्यात, कॅमेरा देण्यात वेळ घालवायचा नाही, शिडी धरायची आणि वर. आमच्यातल्या एकाची हवा लवकर संपली तेव्हा गाईडने त्याला एकट्याला वर धाडलं नाही, सगळ्यांनाच उठवलं. बोटीत त्याला थोड्या शिव्या पडल्या, पण गाईड बरोबर होता.

आणखी एक. मालदीवच्या खाड्यांत करडे रीफ शार्क भेटतील. त्यातला एखादा पाठीला कुबड काढून, छातीचे पर खाली पाडून, नाक वर करून वेडावाकडा पोहायला लागला, तर तो नाच नाही, धमकी आहे. त्याला जायला वाट द्या, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. फोटोला फ्लॅश मारू नका. मी एकदाच पाहिलंय, आणि तेव्हा चूक माझी होती, मी त्याला कड्याच्या कोपऱ्यात अडवलं होतं.

समुद्रपक्षी_पर्थ | १६ डिसेंबर, ०६:१५

शार्क जवळ आला तर नाकावर ठोसा मारायचा, हे लहानपणापासून ऐकतेय. ते खरं का?

निळा_खंदक | १६ डिसेंबर, ०८:४०

नाकाखाली लगेच तोंड असतं हो! गाईड लोक डोक्याच्या वरच्या बाजूला तळवा टेकवून त्याला बाजूला वळवतात. तो त्यांचा धंदा, आपला नाही. नाकाभोवती जेलीने भरलेली बारीक छिद्रं असतात, त्यातून त्याला विजेचा सूक्ष्म प्रवाह कळतो, म्हणून स्पर्श लागतो. पण व्हिडिओत बघून करायला गेलात तर हात त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे जाईल.

खारी_बिस्कीट | १९ डिसेंबर, २०:५५

मंडळी, तीन दिवस गायब होते. या धाग्यातले प्रश्न उचलून तिथल्या तीन सेंटरना मेल केली. एका गटात किती जण, गाईड किती, ऑक्सिजन बोटीवर असतो का, एखाद्याची हवा संपली तर काय करता, आणि २६ डाईव्हवाल्यांना घेता का.

पहिल्याने एका ओळीत कळवलं, सगळ्यांचं स्वागत आहे, काळजी नको, आणि खाली सवलतीचा कोड. दुसऱ्याने ५० डाईव्ह झाल्याशिवाय घेणार नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याने आम्हालाच उलट सात प्रश्न विचारले. शेवटची डाईव्ह कधी केलीत, किती हवा उरली होती, करंटमध्ये उतरलात का, लॉगबुकच्या पानांचे फोटो पाठवा. म्हणाले, पहिल्या दिवशी साध्या रीफवर आमच्यासमोर एक डाईव्ह करा, मग शार्कचं आम्ही ठरवू. तुम्ही नाही.

नवऱ्याला पहिला आवडला. मला तिसरा.

डॉ_घरघर | १९ डिसेंबर, २१:०३

तिसरा.

पाणकोंबडा | १९ डिसेंबर, २१:०४

डोळे मिटून तिसरा. म्हणजे उघडे ठेवून.

सह्यकडा | १९ डिसेंबर, २१:१९

माझं मत तेच आहे, पण जाणारच असाल तर तिसरा.

निळा_खंदक | १९ डिसेंबर, २२:४६

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलंच नव्हतं. २६ हा आकडा मला काही सांगत नाही. २६ पैकी २० वर्षाभरातले असतील तर एक गोष्ट, शेवटची डाईव्ह दोन वर्षांपूर्वीची असेल तर दुसरी. घरच्या घरी परीक्षा घ्या: पूलमध्ये टाकी लावून तळापासून हातभर वर, हात छातीशी बांधून, दहा मिनिटं एका जागी राहता येतं का? त्यात एकदा मास्क काढून परत लावायचा, तेवढ्यात वर-खाली न होता. हे जमलं तर तुम्ही कठड्यामागे बसू शकता. नाही जमलं तर फेब्रुवारीत वावूला साधे रीफ शार्क बघा, फुवाहमुला कुठे पळून जात नाही.

खारी_बिस्कीट | २३ डिसेंबर, १८:३०

परीक्षा झाली. ओळखीच्या इन्स्ट्रक्टरला विचारून क्लबच्या पूलमध्ये टाकी लावली. मी सहाव्या मिनिटाला वर तरंगले, दुसऱ्या वेळी जमलं. नवरा हात बांधून इतका स्तब्ध की लाइफगार्डने काठावरून ओरडून विचारलं, "काका बरे आहेत ना?" मास्क काढल्यावर मात्र काका सरळ वर आले. आता रोज सकाळी सराव चालू आहे. तिसऱ्या सेंटरला हो कळवलंय, त्यांच्या अटीसकट.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो मासा आणशील का थोडा?" त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या.

मालवणी_खाजा | २३ डिसेंबर, १८:३४

माऊलीक नमस्कार सांगा.

खारी_बिस्कीट | २३ डिसेंबर, १८:४१

काळे हातमोजे पुण्यात कुठे मिळतील? बारीक साइझचे.

आगाऊ_कार्टी | २३ डिसेंबर, १८:५०

स्कूटीवर घालायचे चालतील का, तर माझे घेऊन जा.

निळा_खंदक | २३ डिसेंबर, १९:१५

नाही चालणार, फुगतील. २ मिलिमीटर निओप्रीनचे ऑनलाइन मागवा, आणि हाताला चपखल बसतील असे घ्या.